पट्ट्याबाहेरचा आवाज

माझी आई सांगते, की लहानपणी मी दुधाचा पेला आधी नाकाशी धरायचे आणि मगच तोंडाला लावायचे. दूध नासलेलं निघालं नाही तर माझा हिरमोड व्हायचा म्हणे. हाच स्वभाव पुढे माझ्या पोटापाण्याचा धंदा झाला. म्हणून विश्वगीत स्पर्धेत भारत पहिल्यांदाच उतरणार असं ठरलं, तेव्हा गाणाऱ्यांच्या आणि वाजवणाऱ्यांच्या यादीखाली माझंही नाव आलं : डॉ. केतकी दाबके, ध्वनिशास्त्रज्ञ. पथकात माझं काम एकच, आपल्याच माणसांवर संशय घ्यायचा. हे काम मला जमतं.

संशयाला कारण होतं. चार वर्षांपूर्वी ही स्पर्धा जिंकणारी मुलगी मंचावर नुसते ओठ हलवत होती, आणि आवाज एका संगणकाने जागच्या जागी बनवलेला होता. तो इतका गोड होता की परीक्षक रडले. पुढे बिंग फुटलं आणि मग प्रत्येक देश दुसऱ्या देशाकडे बोट दाखवायला लागला. स्पर्धा बंद पडायच्या बेतात होती. तेव्हा पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही 'प्राणसाक्षी' तयार केलं.

तत्त्व साधं आहे. आवाज म्हणजे फुप्फुसातून बाहेर पडणारी हवा. ती स्वरयंत्राच्या दोन पडद्यांना थरथरवते. पण त्याच छातीत हृदयही धडधडत असतं. प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताचा एक बारीक धक्का त्या पडद्यांपर्यंत पोचतो आणि सुरात केसाएवढा फरक पडतो. कानाला तो कळत नाही, यंत्राला कळतो. गाणाऱ्याच्या छातीला आम्ही एक पट्टा बांधतो. तो छातीचं वरखाली होणं आणि हृदयाचे ठोके नोंदवतो. माइकमधून येणाऱ्या सुरातले ठोके आणि पट्ट्यातले ठोके जुळले, तर आवाज त्याच देहातून निघालाय. संगणक ठोक्यांची नक्कल करील, पण समोर उभ्या असलेल्या बाईच्या काळजाचा पुढचा ठोका नेमका कधी पडणार, ते त्याला आधी कळायचं नाही. लबाडी तिथेच पकडली जाते.

यंत्र सगळ्या देशांनी मान्य केलं. नियम असा झाला, की ज्याच्या तोंडून सूर निघेल त्या प्रत्येकाच्या छातीला पट्टा हवा. गाणाऱ्यांची नावं रंगीत तालमीपर्यंत कळवायची. पट्टा नसलेला आवाज अंतिम फेरीत सापडला, तर तो देश बाद, आणि पुढची पाच वर्षं दार बंद.

भारतातर्फे शाहीर स्नेहल अवघडे निवडल्या गेल्या. वाळवा तालुक्यातल्या, पस्तिशीच्या, उंच्यापुऱ्या. त्यांचा पाण्याचा पोवाडा. दुष्काळात गावोगावच्या बायकांनी मिळून तळं खणलं, त्याची गोष्ट. 'तळ्यात उतरल्या बारा गावच्या लेकी' ही ओळ वरच्या सुरात उचलून त्या अशी काही धरून ठेवायच्या, की ऐकणाऱ्याचाच दम संपायचा. सोबत ढोलकी आणि हलगीवाले, आणि तुणतुण्यावर त्यांची थोरली बहीण वनिता, सगळ्यांची वनिताआक्का. आक्का बुटकी, अबोल, कपाळावर मोठं कुंकू. पाश्चात्त्य वाद्यांची साथ बांधून दिली होती ऋत्विक पाध्येने. तो मुंबईचा संगीतकार, माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याने पूर्वी एका जाहिरातीत यंत्राचा आवाज वापरला होता, हे मला ठाऊक होतं आणि मी ते विसरलेले नव्हते.

स्पर्धा ताश्कंदला होती. पहिली तालीम छान झाली, सभागृहातले झाडूवाले हातातलं काम टाकून ऐकत उभे राहिले. मी मात्र पडद्याकडे बघत होते. त्या उंच ओळीवर सूर तसाच चालू होता, आणि स्नेहलच्या पट्ट्याची रेषा वर चढत होती. म्हणजे छाती फुगत होती. म्हणजे त्या श्वास आत घेत होत्या. श्वास आत घेताना असा सूर जगातला कुठलाही माणूस लावू शकत नाही.

पाणी कुठेतरी मुरत होतं.

मी नोंद पुन्हा तपासली. त्या सुरात ठोके होते, पण ते स्नेहलच्या काळजाचे नव्हते. दिल्लीतल्या चाचणीत त्यांना काचेच्या खोलीत एकटीला गायला लावलं होतं. तेव्हा सगळं जुळलं होतं, फक्त ती ओळ जरा तोकडी वाटली होती. एकटीला गाताना तोकडी आणि सगळे असले की लांब, हे कसं? मला एकच उत्तर सुचलं, की बाहेरून कोणीतरी तयार आवाज सोडतंय. आणि आवाजाच्या सगळ्या वायरी ऋत्विकच्या हातात होत्या.

पथकप्रमुख माथूरसाहेब दिल्लीचे, मंत्रालयातले. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत खचलेच. देशाची पहिलीच वेळ आहे, असं ते दोनतीनदा म्हणाले. त्यांच्या परवानगीने मी ऋत्विकची सगळी यंत्रं उघडून पाहिली. तो शेजारी उभा राहून बघत होता. मला काही सापडलं नाही. मी शेवटचं झाकण लावलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, की त्या जाहिरातीबद्दल त्याने मला मित्र म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलू लागला, तेही दुसऱ्या कोणाला मध्ये घालून. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. पण चोर तर होता, तो मला सापडायचा होता.

मी शाहिरांना म्हटलं, माइक नको, वायर नको, उद्या दुपारी हॉटेलच्या जेवणघरात नुसतं म्हणून दाखवा. टेबलं बाजूला सारली. दोघी बहिणी बिनदुधाच्या चहाला नाकं मुरडत बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. उभं राहण्याची त्यांची पद्धत ठरलेली. स्नेहल पुढे, आणि आक्का त्यांच्या डाव्या खांद्याला खांदा चिकटवून अर्धं पाऊल मागे, तुणतुणं छातीशी. मी मुद्दाम मागच्या बाजूला जाऊन थांबले.

उंच ओळ आली. सूर निघाला, वर गेला, तिथेच राहिला. कुठे फट नाही, चीर नाही. दोन हातांवरून ऐकत होते तरी मला काही उमगेना. मग मी एक आगाऊपणा केला. पुढे होऊन आक्कांच्या पाठीवर तळहात ठेवला.

पाठ गुणगुणत होती. जात्याच्या खुंट्याला हात लावल्यावर लागतो तसा थरथराट माझ्या कोपरापर्यंत आला. आणि समोर स्नेहल तोंड उघडं ठेवून, मान वर करून, खांदे न हलवता श्वास घेत होत्या. मग पाठीतला थरथराट ओसरला आणि त्याच क्षणी स्नेहलचा सूर सुरू झालेला होता. मला सगळं ठाऊक असूनही कानाला सांधा सापडला नाही. इतका सुंदर प्रकार मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि मी सगळं आयुष्य आवाजच ऐकत आलेय.

गाणं संपल्यावर मी आक्कांना म्हटलं, "तुम्ही गाताय."

"न्हाई वो," त्या म्हणाल्या. "मी झील धरते."

"पण सूर तुमच्या तोंडून निघतोय. मग तो पट्टा का नाही बांधलात?"

"त्यांनी इचारलं, गानार कोन. गानार ही. झीलकऱ्याला कुनी गानार म्हंतं व्हय?"

त्यांचं खरं होतं. शाहीर दम घेतो तेवढ्यात मागच्याने सूर उचलायचा आणि शाहिराचा दम भरला की त्याच्या हाती परत द्यायचा, ही झीलकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. उचललेलं कळलं तर झीलकरी कच्चा. लहानपणी बापाने दोघींना पाठीला पाठ लावून बसवलं होतं आणि एकीचा श्वास दुसरीला पाठीतून कळेपर्यंत उठू दिलं नव्हतं. लपवाछपवी त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. गाणं हे एक काम आणि झील हे दुसरं, एवढंच त्यांना माहीत होतं.

उपाय सोपा होता. आक्कांना पट्टा बांधायचा आणि त्यांचं नाव गाणाऱ्यांत घालायचं. रंगीत तालीम व्हायची होती, मुदत टळलेली नव्हती. माथूरसाहेबांनी मला जिलेबीसारखं काहीतरी गोड मागवून खायला घातलं. मी ऋत्विकची माफी मागितली. तो ठीक आहे म्हणाला. ठीक नव्हतं, पण मी पुढे काही विचारलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण स्पर्धेचा एक भाग मी अजून सांगितलेला नाही. प्रेक्षकांचा विश्वास बसावा म्हणून प्राणसाक्षीच्या रेषा गाण्याच्या वेळी मंचामागच्या मोठ्या पडद्यावर दाखवतात. प्रत्येक गाणाऱ्याचा रंग वेगळा. ज्याचा सूर चालू असेल त्याची रेषा उजळते, आणि गाणं संपलं की कोणाचा आवाज किती भरला, याचं प्रमाण खाली येतं. लोकांना हे फार आवडतं. ही कल्पना माझीच.

रंगीत तालमीत स्नेहलची रेषा केशरी होती, आक्कांची निळी. पडद्यावर निळा रंग आला आणि बराच वेळ गेलाच नाही. पोवाडा संपला तेव्हा सूर जवळजवळ निम्मानिम्मा वाटला गेला होता. आणि 'बारा गावच्या लेकी' ही ओळ, जिच्यासाठी स्नेहलला सन्मान मिळाले, जी शाळेच्या स्नेहसंमेलनांत पोरी म्हणून दाखवतात, ती 'तळ्यात' हा पहिला शब्द सोडला तर सगळी निळी होती.

स्नेहल मंचावरून उतरून थेट माझ्याकडे आल्या.

"मॅडम, ह्ये खरं हाय?"

मी हो म्हटलं.

"मशीन चुकत न्हाई कवा?"

त्या क्षणी मी 'चुकतं कधीकधी' म्हणाले असते तर काय झालं असतं, हे मला त्यानंतर पुष्कळांनी विचारलं आहे. ऋत्विकनेही विचारलं. मी त्या यंत्रावर तीन वर्षं घालवली आहेत. ते चुकलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांना वाटत होतं, आक्का श्वासापुरती धरते. आणि खरी गंमत म्हणजे आक्कांनाही तेच वाटत होतं. वर्षागणिक स्नेहलचा दम थोडा थोडा आखूड होत गेला असणार, आणि तेवढी तेवढी आक्कांची झील लांबली असणार. कोणी मोजलं नव्हतं. मोजायचं कारणच नव्हतं, गाणं पुरं होत होतं.

संध्याकाळपर्यंत कोणीतरी त्या प्रमाणाचं चित्र भारतात पाठवलं. मराठी वाहिन्यांवर 'आवाज कुणाचा?' असा सवाल सुरू झाला. शाहिरांनी बहिणीला वीस वर्षं मागे ठेवलं, असं कोणी म्हणालं. बहिणीने परदेशात जाऊन डाव साधला, असं दुसरं कोणी म्हणालं. मंत्रालयातून माथूरसाहेबांना विचारणा झाली, की फलकावर पहिलं नाव कोणाचं ठेवायचं. त्यांनी ते मलाच विचारलं. मी म्हटलं, माझं यंत्र आवाज कोणाचा ते सांगतं, मान कोणाचा ते सांगत नाही. उत्तर मला बरं वाटलं होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी न्याहारीला एकाच टेबलावर बसल्या, पण मध्ये ढोलकीवाला होता. स्नेहलने नान तोडता तोडता, कोणाकडेच न बघता विचारलं, "कवापास्नं घेतीयास ती ओळ?"

"मला काय ठावं," आक्का म्हणाल्या. "तू थकलीस की घेते."

"मी थकले ह्ये तुला कळलं. मला का न्हाई सांगितलंस?"

आक्कांनी आपला नान ढोलकीवाल्याकडे सरकवला. सांगणार काय? त्यांना वेगळं असं कधी कळलंच नव्हतं, पाठीला कळत होतं. पण स्नेहलला आता त्या गप्प बसण्यातही काळंबेरं दिसत होतं. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा आक्का मागे उभी राहून काय विचार करत असेल, असं त्यांच्या डोक्यात आलं असणार. संशय कसा शिरतो हे मला कोणी सांगायला नको. एकदा आत आला की तो मागच्या तारखेपासून हिशेब लावतो.

स्नेहलने माझ्याकडून जुनी ध्वनिमुद्रणं मागून घेतली आणि दुपारभर कानाला लावून बसल्या. मग ऋत्विकला गाठून विचारलं, की गाणं दोन सूर खाली उतरवता येईल का, म्हणजे ती ओळ त्यांना एकटीला झेपेल. ऋत्विकने सांगितलं, की आता वाद्यं बांधून झाली आहेत, जमणार नाही. हे बोलणं कोणीतरी आक्कांच्या कानावर घातलं. त्या जिन्यात मला भेटल्या. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला.

"मॅडम, धाकली माझ्याबिगर गायाला बघती, व्हय?"

मी पुन्हा खरं तेच सांगितलं. खोटं बोलायचं मला कारण नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तिनं दिलं तर घीन. आपल्या मनानं न्हाई घ्यायची. लोकं म्हंत्यात, मी चोरते."

मी त्यांना समजावलं, की असं कोणी शहाणं माणूस म्हणणार नाही. त्यांनी मान हलवली आणि वर निघून गेल्या. मला वाटलं, हे रुसवेफुगवे आहेत, मंचावर गेल्या की विसरतील. एरवी मी कशावर म्हणून विश्वास ठेवत नाही. तेव्हाच नेमका ठेवला.

अंतिम फेरीला सभागृह खच्चून भरलं होतं. आमच्या आधी एका थंड प्रदेशातल्या म्हाताऱ्याने मासेमारीचं गाणं म्हटलं, छान म्हटलं. मग निवेदिकेने 'भारत' असं म्हटल्यावर मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले. मला स्वतःचंच हसू आलं, कारण मी तिथे तपासायला बसले होते, घाबरायला नाही. माथूरसाहेब शेजारी बसून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होते.

दोघी आल्या. आक्का अर्धं पाऊल मागेच उभ्या राहिल्या, पण खांद्याला खांदा लागला नव्हता. मध्ये वीतभर अंतर होतं. तुणतुणं वाजलं, ढोलकी उठली, स्नेहलने मुजरा केला आणि पोवाडा सुरू झाला. सुरुवात त्यांनी अशी दणकून केली की भाषा न कळणाऱ्या त्या गर्दीने ठेका धरला. केशरी रेषा तळपत होती. जिथे आधी निळी यायची तिथे स्नेहल घाईघाईने, वाक्य मोडून श्वास घेत होत्या आणि पुढे जात होत्या. कोणाच्या लक्षात येत नव्हतं. मला येत होतं. आणि आक्का पट्टा बांधल्यावर नव्याने घातलेलं 'जी जी रं जी' एवढंच धरत होत्या, चोख, जेवढं झीलकऱ्याने उघडपणे धरायचं असतं तेवढंच.

'तळ्यात' हा शब्द स्नेहलने उचलला. तो वर गेला. मी कधीही ऐकला नव्हता इतका वर गेला, कारण या वेळी पुढची सगळी ओळही त्यांनाच म्हणायची होती. 'उतरल्या' म्हणताना सूर किंचित कापला. मी आक्कांकडे बघितलं. त्यांचे डोळे स्नेहलच्या मानेवर खिळले होते. 'बारा' म्हटलं गेलं आणि सूर थांबला.

सभागृहात काहीच ऐकू येत नव्हतं. ढोलकीवाल्याचा हातही वरच्या वर राहिला. नंतर नोंदीत बघितलं तेव्हा ती शांतता फार मोठी नव्हती, एका श्वासाएवढीच होती. तिथे बसलेली असताना मला ती संपतच नव्हती. मग स्नेहलने खालच्या सुरात 'गावच्या लेकी' असं कसंबसं म्हणून टाकलं आणि पोवाडा पुढे सरकला. लोकांनी सौजन्याने टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर हिरवा शिक्का आला. आवाज निर्विवाद मानवी, पट्ट्याबाहेरचा एकही सूर नाही. त्या फेरीतला तो सर्वांत स्वच्छ निकाल होता. भारत खालून दुसरा आला. तरी माथूरसाहेबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, की नंबराचं काय घेऊन बसलात, पहिल्याच खेपेला आपल्यावर कोणी बोट ठेवू शकलं नाही, हे तुमच्यामुळे. मग हळूच विचारलं, की मध्ये यंत्र बिघडलं होतं का.

मी नोंद मागे नेली. यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्या शांततेच्या जागी केशरी रेषा वर चढत होती, आणि तिच्याबरोबर, तिला अगदी समांतर, निळी रेषाही वर चढत होती. दोघी एकाच वेळी श्वास आत घेत होत्या. स्नेहल दमल्या म्हणून, आणि आक्का सूर उचलायच्या तयारीने. छाती भरून घेऊन त्या तशाच थांबल्या होत्या.

मी ती नोंद कागदावर छापून घेतली आणि मंचामागे गेले. दोघी एका लाकडी पेटीवर बसल्या होत्या. पट्टे काढून बाजूला ठेवलेले. ढोलकीवाला दूर उभा राहून वादी आवळत होता. मला त्यांना ती नोंद दाखवायची होती. आक्का घ्यायला तयार होत्या, हे स्नेहलला निदान कळायला हवं, असं मला वाटलं. पण त्या बोलत होत्या, म्हणून मी पडद्याआड थांबले.

"आक्के," स्नेहल म्हणाल्या, "का न्हाई घेतलंस?"

"तू दिलं न्हाईस."

"याच्या आदी कवा देत हुते?"

मी हातातली नोंद तशीच घेऊन परत फिरले.